मागचा डावा पाय

"तुमचा पाय आज आला नाही."

फोनवर साहेब एवढंच म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. हॅलो नाही, कोण बोलतंय ते नाही. आमच्या घरी हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. सकाळी सात-सव्वासातला फोन वाजला की बायको ओट्यापाशी पाठमोरी राहूनच म्हणायची, "पाय शोधतायत तुमचा. जा."

आम्ही चौघांनी मिळून एक गाय घेतली होती. चौघांचे चार पाय, ही त्यांनी लावलेली व्यवस्था. पुढचा उजवा त्यांचा स्वतःचा, पुढचा डावा बाळासाहेबांचा, मागचा उजवा निखिलचा आणि मागचा डावा माझा. चारा, पेंड, औषधपाणी यांचा खर्च सारखा वाटून घ्यायचा, पण तो भाग त्यांच्या लेखी किरकोळ. खरा नियम असा की ज्याचा वार त्याने स्वतः यायचं. शेण उचलायचं, गोठा धुवायचा, कडबा तोडून घालायचा, पाणी भरायचं, आणि मग दुधाला हात लावायचा. पैसे भरून वार चुकवता येणार नाही. माणूस पाठवता येणार नाही. निखिल हा आयटीतला मुलगा, वर्ध्याचा, शेजारच्याच इमारतीत भाड्याने राहणारा. त्याने सुरुवातीला विचारून बघितलं होतं, "काका, एक गडी ठेवला तर? आपण सगळे कॉन्ट्रिब्यूट करू ना."

"जरूर," ते म्हणाले. "मग दूधही त्यालाच पिऊ दे. आपण त्याच्याकडे बघून कॉन्ट्रिब्यूट करू."

तिघांना दोन-दोन वार होते. रविवार त्यांचा, आणि रोज सकाळची पाहणीही त्यांचीच. राहायला नारायण पेठेत, दोन खोल्यांत, एकटे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नाशिकला. गाय विश्रांतवाडीच्या पुढे, त्यांच्या दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर. आमच्या कारखान्यातल्या सगळ्यांनी तिकडे प्लॉट घेतले तेव्हा त्यांनीही घेतला होता. बाकीच्यांनी बांधकामं केली, त्यांनी निवृत्त झाल्यावर गोठा बांधला. पेठेतून पहाटेची बस धरून ते यायचे, हातात ॲल्युमिनियमची किटली, खिशात कारखान्यातली मोजपट्टी. मोजपट्टी कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "सवय आहे. आपल्याला नाही, म्हणून विचारावं लागलं."

आमच्या कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. मी प्रॉडक्शनला. म्हणजे मी माल करायचा आणि त्यांनी तो परत पाठवायचा, असा आमचा पंधरा वर्षांचा परिचय. केसाच्या फरकाने एखादा लॉट अडला की मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहायचो. साहेब, गाडी खाली उभी आहे, एवढा एक जाऊ द्या. ते मापाचं गेज माझ्यापुढे सरकवायचे. "मला सांगू नका. याला सांगा. हा ऐकला तर माझी हरकत नाही."

हे मुद्दाम सांगतो आहे. कारण मी गायीत भागीदार झालो तो दुधासाठी नाही. गायींवर माझं काही विशेष प्रेम होतं असंही नाही. ज्या माणसाने पंधरा वर्षं माझा माल नाकारला त्याने एके दिवशी फोन करून विचारलं, "एक पाय घेता का?" मला पास झाल्यासारखं वाटलं. बायकोला सांगताना माझा आवाज चढला होता, ते तिने नंतर मला सांगितलं.

गायीला त्यांनी नाव ठेवलं नाही. "नाव ठेवलं की लोक फोटो काढतात." ते तिला 'बाई' म्हणत, आणि अहोजाहो करत. "बाई, पाय जरा बाजूला घेता का?" "आपलं पाणी झालं का?" आम्हा तिघांपैकी कुणालाही त्यांनी आयुष्यात 'जरा' म्हटलेलं नाही. गाय तांबूस, कपाळ मोठं, कान लोंबते, डोळे नेहमी नुकतंच कुणी काही सांगितल्यासारखे. बाळासाहेबांनी मंचरकडच्या पाहुण्यांकडून आणली होती. बाळासाहेब तिथल्याच जुन्या गावातले. घरची जमीन इमारतींखाली गेलेली, आता नर्सरी चालवायचे. जनावरातलं खरं कळायचं ते त्यांना. पण तेही या गृहस्थांपुढे गप्प बसत, कारण हे जे करत ते शिकून करत नव्हते, ध्यास घेऊन करत होते.

पाण्याची टाकी भरली की ओंजळभर पाणी ते आधी स्वतः पीत. "मी पिणार नाही ते त्यांनी का प्यावं?" दोन सड वासराचे, दोन आमचे, यात कधी फरक नाही, पाहुणे आले तरी नाही. आणि सकाळी आल्याबरोबर पहिलं काम म्हणजे शेण बघणं. लोक ज्या नजरेने पेपर बघतात त्या नजरेने ते शेण बघायचे. वाकून, चष्मा सारखा करून, काडीने उलटून, वास घेऊन. काल काय खाल्लं, किती पचलं, पाणी कमी पडलं का, कुणाच्या वारी पेंड जास्त गेली. "इथे निखिलराव घाईत होते," असं ते शेणाकडे बघून सांगत आणि ते खरं निघे. निखिल कपाळावर हात मारून घ्यायचा. "काका, हे तर सीसीटीव्हीपेक्षा डेंजर आहे."

"माणसं खोटं बोलतात," ते म्हणायचे. "शेण खोटं बोलत नाही."

पाट्यांबद्दल सांगायला हवं. पेठेतला माणूस, त्यामुळे पाटी येणारच. पत्र्याचे तुकडे ते स्वतः कापत, घासत, पांढरा रंग देत आणि वर काळ्या ऑइलपेंटने ड्रॉइंगच्या अक्षरात लिहीत. फाटकावर एक होती: 'आत गाय आहे. बघायची असल्यास फावडे उजव्या हाताला आहे.' भिंतीवर कचरा टाकणाऱ्यांसाठी एक होती, ती इथे लिहिण्यासारखी नाही. आणि गव्हाणीच्या वर, येणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर, तारेला टांगलेली एक: 'गायीला चार पोटे असतात हे खरे. त्यांतले एकही आपल्या उरलेल्या अन्नासाठी नाही.'

या पाटीवर त्यांचा जीव होता. आजूबाजूच्या सोसायट्यांतून लोक पिशव्या घेऊन यायचे. शिळ्या पोळ्या, वाटीभर भात, वाढदिवसाचा केक. पुण्य लागतं म्हणून. ते फाटकातच अडवायचे. एकदा एका आजींना म्हणाले, "मावशी, घरी सून आहे ना? तिला द्या. ती नाही म्हणाली तर मग बाईंनी तरी का खावं?" आजी पिशवी घेऊन चालत्या झाल्या, पुन्हा आल्या नाहीत. आम्हाला त्यांनी एकदाच, पण बसवून सांगितलं होतं. शिजलेला भात, पोळ्या, गोड यांचा ढीग जनावराच्या पोटात गेला की आत आंबतो. वरून काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी दिसतं, तोवर उशीर होतो. "एक घास चालतो. नैवेद्याला पान दाखवा, एक घास द्या, नमस्कार करा, निघा. दुसरा घास तुमच्या हौसेचा."

म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

ती वसुबारस माझ्या वारी आली. त्या वर्षी मी आमच्या सोसायटीचा चेअरमन झालो होतो. नवा नवा. शहरात गाय-वासरू पूजेला मिळत नाही. बायका रस्त्याच्या कडेला गाय घेऊन बसणारीच्या पुढे रांग लावतात. मी व्हॉट्सॲपवर टाकलं, 'आपल्या घरची गाय आहे, संध्याकाळी पाच ते सात, सर्वांनी यावे.' आपल्या घरची. एक पाय माझा होता, आणि तोही मी महिन्यातून दोनदा तरी चुकवत होतो.

त्यांना मी पूजेचं सांगितलं होतं. ते म्हणाले, "करू दे. पाटी वाचता येते ना सगळ्यांना?" ते त्या संध्याकाळी पेठेतच होते, मुलगी आली होती. निखिल वर्ध्याला गेला होता. बाळासाहेब दुपारी येऊन, पूजा करून, बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा आणि गवारीची भाजी दाखवून गेले होते.

पाच वाजता बायका आल्या. नऊवारी, नथी, ताटं. तीस-पस्तीस तरी असतील. पहिल्याच बाईने पाटी मोठ्याने वाचली आणि हसून माझ्याकडे बघितलं, "अय्या, चेअरमनसाहेब, हे आमच्यासाठी का?" सगळ्या हसल्या. मला लाज वाटली. पाटीची लाज वाटली. मी हात वर केला आणि पाटी उलटी केली. अक्षरं भिंतीकडे.

मग जे व्हायचं ते झालं. कुणी पुरणपोळी, कुणी वरणभात, कुणी गुळाचा खडा, कुणी पेढा. बाई खात होत्या. त्यांना कुणी नको म्हणायला शिकवलं नव्हतं. ते काम आमचं होतं. पण खरं सांगायचं तर त्या ताटांनी काही झालं नसतं कदाचित. दुपारी सोसायटीत दिवाळीचं जेवण झालं होतं, केटररचा मसालेभात भरपूर उरला होता. वॉचमनने तो बादलीत आणून ठेवला. "साब, फेकना है क्या?" बायका गेल्या होत्या. मी एकटा होतो. कडबा तोडायचा राहिला होता, साडेसात वाजत आले होते, घरी पाहुणे होते. बादली मी उचलली आणि गव्हाणीत ओतली. वाया कशाला घालवायचं, असं मनात म्हटलं. हा विचार माझाच होता, दुसऱ्या कुणाचा नाही. जाताना पाटी मात्र आठवणीने सरळ केली.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. मला सहालाच जाग आली. वार माझा नव्हता, तरी गेलो. बाई उभ्या होत्या, पण मान खाली, तोंडातून लाळेची तार. रवंथ बंद. आणि मागे शेण. पातळ, आंबूस वासाचं, त्यात भाताची शितं जशीच्या तशी, वाटाण्याचे दाणे, एक काजू. काजू स्पष्ट दिसत होता.

तिथे उभं राहून मी किती वेळ बघत होतो ते सांगता येणार नाही. मग मी फावडं घेतलं. सगळं शेण उचललं, मागच्या खड्ड्यात टाकलं, त्यावर जुना कडबा पसरला. फरशी दोनदा धुतली. गव्हाणीच्या कोपऱ्यातला भात हाताने खरवडून काढला. इतका स्वच्छ गोठा माझ्या हातून कधीच झाला नव्हता.

सातला ते आले. काखेत लसूणघासाच्या दोन पेंढ्या, दंवाने ओल्या, सणाच्या दिवसाचा खाऊ म्हणून. धुतलेली फरशी बघून फाटकातच थांबले.

"आज आपला वार नाही."

"सण आहे म्हटलं, साहेब..."

"आणि शेण?"

"उचललं."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "न सांगता उचललंत. सुधारणा आहे." आयुष्यात त्यांनी माझं केलेलं हे एकमेव कौतुक.

मग ते बाईंकडे गेले. "काय, आज रुसवा?" म्हणून घास तोंडापाशी धरला. बाईंनी थोडा खाल्ला. साहेबांच्या हातचं त्या नाकारत नसत. अर्धी पेंढी गेली असेल. आठ वाजता डावी कूस फुगलेली दिसायला लागली. नऊला त्या बसल्या. ते धावत, खरोखर धावत, रस्त्यापर्यंत गेले, फोनला रेंज मिळेना म्हणून.

डॉक्टर आल्या, तरुण मुलगी, स्कूटरवर. कुशीवर हात दाबला, कान लावला, ताप बघितला. "काय खाल्लं?"

"ओला घास," ते म्हणाले. "मी घातला. सकाळी. दंव होतं."

"काल?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काल माझा वार. मी म्हटलं, "नेहमीचंच. कडबा, पेंड."

"सकाळचं शेण कसं होतं?"

मी म्हटलं, "नेहमीसारखं."

मी एका शब्दात उत्तर दिलं. तेव्हा ते खोटं बोलायला मला अजिबात कष्ट पडले नाहीत. फक्त आता तो शब्द मला तोंडातून काढता येत नाही. हॉटेलात वेटर 'नेहमीसारखं का?' विचारतो आणि मी मेनूकार्ड मागून घेतो.

ओल्या घासाने पोट फुगलं असं धरून डॉक्टरांनी उपाय केले. तेल पाजलं, कुशीत सुई घालून वायू काढला. बाळासाहेब आले, ते मागून वाकले, कूस चाचपली, बाईंचं तोंड उघडून वास घेतला. "ह्ये आंबलंय की वो. घासाचं न्हाई हे. भात-बीत खाल्लाय का हिनं?"

"नाही," मी म्हटलं.

बाळासाहेब माझ्याकडे बघत राहिले. खड्ड्याकडे बघितलं की नाही, ठाऊक नाही. डॉक्टर निघताना म्हणाल्या, "नुसता फुगा असता तर एव्हाना उतरायला हवा होता." तेव्हाही मला बोलता आलं असतं. अजून बाई जिवंत होत्या. नंतर एका दुसऱ्या डॉक्टरांना मी नाव न सांगता विचारलं, की असं असतं आणि सकाळी सातला कळलं असतं, तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, पण प्रयत्न वेगळा झाला असता.

दुपारी तीनला बाई गेल्या. डोकं साहेबांच्या मांडीवर होतं. ते एकदाच म्हणाले, "आपल्याला नको होता ना तो घास? मग सांगायचं." वासरू दाव्याला ओढत हंबरत होतं.

मेलेलं जनावर उचलणारी गाडी आली. माणसांनी विचारलं, दोर कुठे बांधू. मग त्यांनीच हाताला येईल तो पाय धरला. मागचा डावा. गाडीवरचं दोराचं चाक फिरायला लागलं, दोर ताणला गेला आणि बाई त्या एका पायावर वर गेल्या. रस्त्यावर मुलं आकाशकंदील लावत होती, ती बघायला थांबली. मी हात पुढे केला नाही. बाळासाहेब जाताना माझ्याजवळून गेले आणि हळू म्हणाले, "तुमच्या सोसायटीचा परसाद मोठा असतुया, साहेब." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. साहेबांनाही त्यांनी काही सांगितलं नाही. का, ते मी बाळासाहेबांना विचारू शकत नाही. मला वाटतं, ते माझी वाट बघत होते.

वासरू बाळासाहेबांच्या पाहुण्यांकडे परत गेलं. निखिल आला, गोठ्यात बसून रडला, मग वर्षभरात बंगलोरला गेला. ते मात्र येत राहिले. पहाटेची बस, किटली, मोजपट्टी. रिकामा गोठा झाडायचे, टाकीतलं पाणी बदलायचे, ओंजळभर पिऊन बघायचे, परतीची बस धरायचे. दूध सोडलं, कोरा चहा घ्यायला लागले. मला फोन यायचा बंद झाला. सातला मी जागा असायचो.

आणि दिवाळीनंतर पंधरा दिवसांत फाटकावर नवी पाटी आली. तशीच पांढरी, तशीच अक्षरं. 'येथील गाय मालकाने लाडाने मारली. ओला घास घालू नये.'

फाटकावरची जुनी पाटी काढून ही लावली होती. कामावर जायचा माझा रस्ता तोच. तीन वर्षं मी रोज दोनदा त्या पाटीसमोरून गेलो. लोक थांबून वाचायचे, हसायचे. पुणेरी पाटी म्हणून कुणी फोटोही काढून फिरवला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो आला. ज्यांनी पुरणपोळ्या भरवल्या होत्या त्यांनी हसणारी चित्रं टाकली. मीही एक टाकलं. चेअरमनने काही टाकलं नाही तर बरं दिसत नाही.

दर वसुबारसेला ते मला एकदा विचारायचे. घरी येऊन, उभ्याउभ्या. "त्या सकाळचं शेण आपण उचललंत. कसं होतं हो?" आरोप नसायचा. लॉट तपासताना एक माप पुन्हा घ्यावं, तसं. मी म्हणायचो, "नेहमीसारखं, साहेब." ते मान हलवायचे. "मग माझाच घास."

शेवटी दवाखान्यात होते तेव्हा मी सांगायचं ठरवून गेलो. संत्री घेऊन गेलो होतो. मला बघून म्हणाले, "आला का पाय." बराच वेळ मी संत्रं सोलत बसलो, एकेका फोडीची शीर काढत. त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "कसं होतं हो?"

मला आजवर वाटत आलं होतं की मी त्यांना दुखवायचं नाही म्हणून गप्प आहे. तिथे बसल्यावर ते खोटं ठरलं. सांगितलं असतं तर त्यांची सुटका होती. मरणाऱ्या माणसाला निर्दोष सोडायचं होतं, बस. त्यासाठी फक्त त्यांच्या नजरेतून मला उतरावं लागलं असतं. ती न सांगता शेण उचलण्याची सुधारणा परत करावी लागली असती. माझ्याकडून ते झालं नाही.

"नेहमीसारखं," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले, आणि फोड घेतली. चौथ्या दिवशी गेले.

मुलीने प्लॉट विकला. गोठा पाडायला माणसं आली त्या सकाळी मी गेलो आणि फाटकावरची पाटी मागून घेतली. त्यांनी भंगारातून काढून दिली. घरी आणून मागची बाजू घासली, पांढरा रंग दिला, काळा ऑइलपेंट आणला. माझं अक्षर त्यांच्यासारखं नाही, वाकडं आलं. लिहिलं: 'येथील गाय घासाने मेली नाही. मसालेभाताने मेली. मागच्या डाव्या पायाने घातला आणि सकाळी शेण लपवले.'

बायको दारात उभी राहून वाचत होती. तिला हे सगळं तेव्हाच पहिल्यांदा कळलं. मग म्हणाली, "लावणार कुठे?"

फाटक होतं तिथे आता निळे पत्रे आहेत, आणि पत्र्यांवर बारा मजल्यांचं चित्र. पाटी आमच्या बाल्कनीत उभी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसू नये म्हणून मी ती फिरवून ठेवली आहे. माझी अक्षरं भिंतीकडे. बाहेरच्या बाजूला त्यांची आहेत.